पत्र्याच्या कारखान्यातले गाणे



डहाणू रोडहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये बघा, निम्म्या पोरांच्या कानात काहीतरी घातलेले असते. संध्याकाळी घरी आल्यावरही ते निघत नाही. आई विचारते, "काय ऐकतोस रे एवढं?" पोरगा एक बटण काढून आईच्या कानाला लावतो. आई दोन क्षण ऐकते आणि म्हणते, "गाणं आहे का हे? कोणीतरी पत्रा कापतंय."

त्या आईची थट्टा करू नका. तिचा कान बरोबर आहे. ज्या संगीताला जगभर हेवी मेटल म्हणजे जड धातू म्हणतात, त्याची गोष्ट खरोखरच पत्रा कापण्याच्या कारखान्यात सुरू होते. त्या संगीताच्या अगदी सुरुवातीच्या एका रेकॉर्डबद्दल आज लिहायचे आहे. रेकॉर्डचे नाव 'ब्लॅक सॅबथ' आणि बँडचे नावही तेच. ती इंग्लंडमध्ये 13 फेब्रुवारी 1970 रोजी निघाली. तिच्याबद्दल तेव्हाच्या जाणकारांनी काय मत दिले, विकत घेऊन ऐकणाऱ्यांनी काय दिले, आणि परवा तलासरीला एका खोलीत आम्ही सात-आठ जणांनी बसून ती ऐकली तेव्हा काय मते पडली, असा हा मामला आहे.

आधी माणसे कोण ते सांगतो. चौघेही बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन नावाच्या कामगार वस्तीतले. गाणारा ऑझी ऑस्बोर्न. त्याचे वडील रात्रपाळीचे टूलमेकर आणि आई मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. ऑझीने स्वतः कत्तलखान्यात काम केले, मोटारीचे हॉर्न तपासण्याचेही काम केले. बेस गिटारवाला गीझर बटलर कारखान्यात हिशेबाच्या कामावर शिकाऊ होता. ड्रम बिल वॉर्डचे. आणि गिटार टोनी आयोमीची. ऑझी 22 जुलै 2025 रोजी वारला. त्याच्या सतराच दिवस आधी, 5 जुलैला, चौघे अ‍ॅस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र वाजले होते. तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांच्या मोबाइलवरही त्याचा फोटो दिसू लागला आणि या रेकॉर्डची विचारणा सुरू झाली.

आता त्या गिटारवाल्याकडे वळतो, कारण खरी गोष्ट त्याची आहे.

टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. साल 1965, वय 17. एका बँडबरोबर जर्मनीला जायचे ठरले म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि त्या दिवशी शेवटची हजेरी होती. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचे त्याच्या मनात नव्हते. आई म्हणाली, दिवस पुरा भर, काम अर्धवट टाकू नये. आपल्या घरातली कोणतीही आई हेच म्हणाली असती. तो परत गेला. प्रेसवरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर उभे केले. त्या मशीनची सवय नाही. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक गेले.

उजवा हात म्हटल्यावर काहींना वाटेल, गिटारीच्या तारा तर डाव्या हाताने दाबतात. पण टोनी डावखुरा. त्याचा तारा दाबायचा हात नेमका उजवाच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले.

उंबरगावला किंवा बोईसर-तारापूरकडे कामाला जाणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जुन्या प्रेसवाल्याने चहाचा कप धरला की कळते. आपल्याकडे 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडलेले होते. कोणते बोट किती गेले म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, याचे ते कोष्टक. मधल्या बोटाचे एक पेर गेले तर 7 टक्के. अनामिकेचे एक पेर गेले तर 5 टक्के. आयोमी आपल्याकडे असता तर एकेक पेर धरून 12 टक्के लिहिले असते आणि फाइल बांधून ठेवली असती. वाजवणाऱ्याला त्या दोन पेरांची किंमत काय, यासाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता. पेटीवाल्यासाठी नव्हता आणि शिवणकाम करणाऱ्या बाईसाठीही नव्हता.

पुढे जे झाले त्यात त्याच्या फोरमनचा वाटा मोठा आहे. फोरमनबद्दल चांगले लिहायची संधी या सदराला क्वचितच मिळते, म्हणून मुद्दाम लिहितो. तो माणूस घरी भेटायला आला आणि एक रेकॉर्ड घेऊन आला. टोनी म्हणाला, मला आता गाणे-बिणे काही ऐकायचे नाही. फोरमनने ऐकायलाच लावले. मग सांगितले की वाजवणारा जँगो राइनहार्ट नावाचा माणूस आहे, 1928 मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागून त्याची दोन बोटे निकामी झाली आणि हे सगळे तो उरलेल्या बोटांवर वाजवतो.

टोनीने मग भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोकांवर बसतील अशा टोप्या केल्या. त्या तारेवरून घसरत, म्हणून जुन्या जाकिटाचे चामडे कापून वर चिकटवले. तारा जड लागत, म्हणून बँजोच्या पातळ तारा आणून गिटारीला चढवल्या. तरी नाजूक, भरभर बोटे फिरवण्याचे काम पूर्वीसारखे होईना. तेव्हा त्याने दोन-तीन सुरांचे जाडजूड ठोके धरले आणि ते लांबवत नेले. पुढे 1971 च्या सुमारास तर तारा सैल करून सगळी पट्टीच खाली आणली. त्यामुळे बोटांना त्रास कमी आणि आवाज आणखी जड. आज जगातली हजारो पोरे धडधाकट दहा बोटांनी त्याच आवाजाची नक्कल करतात.

ही पहिली रेकॉर्ड 16 ऑक्टोबर 1969 रोजी लंडनमध्ये एका दिवसात वाजवून झाली. पैसे कमी, स्टुडिओचे भाडे तासावर. सगळे मिळून अडतीस मिनिटांच्या आसपास आहे. पाऊस, गडगडाट आणि घंटा यांचे आवाज नंतर जोडले. त्यानंतर येते पहिले गाणे, आणि त्या गाण्याचा सगळा डोलारा तीन सुरांवर उभा आहे. पेटी जवळ असेल तर वाजवून पाहा. सा, मग वरचा सा, मग तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. सावकाश, एकेक सूर मरू देत. युरोपात सा आणि तीव्र मध्यमाच्या या जोडीला सैतानाचा सूर असे नाव पडले होते. चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी गोष्ट पोरे सांगतात, पण ती दंतकथाच. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमनमध्ये रोज संध्याकाळी लागतो आणि कोणी घाबरत नाही. सूर तोच, पण शेजार वेगळा. यमनमध्ये पंचम त्याला हात देतो. इथे त्याला सोडवायला कोणी येत नाही.

आता आमच्या मंडळींची मते.

रविवारची दुपार. तलासरीची एक भाड्याची खोली, मोबाइल आणि मुलाने वर्गणीतून घेतलेला छोटा स्पीकर. घरचा मुलगा चोवीस वर्षांचा, सीमेपलीकडच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर. त्याची आई. डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात साच्यावर काम करणाऱ्या ताई. रेल्वेच्या गँगमधून निवृत्त झालेले काका. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी. आणि जवळच्या पाड्यावर तारपा वाजवणारे एक वृद्ध बाबा, जे खरे तर दुसऱ्याच कामाला आले होते आणि चहासाठी बसले.

काकांना सुरुवातीचा पाऊस आणि घंटाच आवडली. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रुळांवरून गस्त घालणारा माणूस तो. म्हणाले, "एवढंच ठेवलं असतं तरी चाललं असतं." पुढे गिटार आली तेव्हा त्यांनी विडी पेटवायला बाहेरची वाट धरली.

ताईंना दुसरे गाणे, 'द विझर्ड', पसंत पडले, कारण त्यात ऑझी तोंडाचा बाजा वाजवतो. "हा जरा माणसात आहे," त्या म्हणाल्या. पण 'ईव्हिल वूमन' नावाच्या गाण्याचा अर्थ कॉलेजच्या मुलीने सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "बाईला नावं ठेवायची पद्धत तिकडंही आहेच म्हणायची." त्यांना सांगण्यासारखे एवढेच होते की ते गाणे या बँडचे नाहीच, अमेरिकेतल्या दुसऱ्या बँडचे आहे आणि बाजारात चालावे म्हणून घेतलेले आहे. ताई म्हणाल्या, "घेतलं ना पण?" यावर उत्तर नव्हते.

मुलीचा आक्षेप वेगळा. पहिल्या गाण्यात कोणी काळी आकृती समोर उभी राहते आणि गाणारा भीतीने ओरडतो. "भुताखेतांची गाणी आपण कशाला ऐकायची? आपल्या घरात हे शिकवत नाहीत," ती म्हणाली. प्रेसवाला मुलगा लगेच म्हणाला, "भूत नाही गं ते. फोरमन आहे." खोली हसली. पण मुलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. या बँडला सैतानाचे भक्त म्हणून बदनाम केले गेले ते खरे आहे. रेकॉर्डच्या आतल्या पानावर उलटा क्रॉस छापला होता, तो कंपनीने, यांना न विचारता. तेराव्या तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्य लोक अशुभ मानतात, रेकॉर्ड नेमकी त्याच दिवशी आणली. बँडचे नाव 1963 च्या एका भयपटावरून घेतलेले. पैसे देऊन लोक घाबरायला थिएटरात जातात, मग घाबरवणारे गाणे का नको, एवढाच त्यांचा हिशेब होता. याला धंदा म्हणा, भक्ती म्हणता येणार नाही. आणि गाणारा त्या आकृतीची आरती करत नाही, तिच्यापासून पळतो आहे.

सगळ्यांत मोलाचे मत तारप्यावाल्या बाबांचे. तारपा म्हणजे दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. श्वास न तोडता रात्रभर वाजतो आणि त्याच्याभोवती माणसे हातात हात घालून फिरतात. शहरातल्या माणसाला तोही आधी कर्कश वाटतो. बाबांनी डोळे मिटून पहिले गाणे ऐकले. म्हणाले, "हा थांबतो फार. थांबला की पाय काय करतील?" गाण्याच्या शेवटी चाल अचानक धावू लागते, तिथे त्यांनी बोटाने जमिनीवर ठेका धरला. "आता आला. आधीच यायला पाहिजे होता." शेवटचे 'वॉर्निंग' दहा मिनिटांच्या वर चालते आणि त्यात गिटार एकटीच भटकते. ते सुरू असताना बाबा उठले. माझेही मत त्यांच्यासारखेच आहे. त्या गाण्यातली निम्मी मिनिटे कापली तरी रेकॉर्डचे काही बिघडले नसते.

प्रेसवाल्या मुलाला मात्र सगळेच हवे होते. त्याचे म्हणणे, "दिवसभर हाच आवाज असतो. तिथं तो माझा मालक असतो. इथं मी बटण दाबलं की बंद होतो."

आता जाणकारांकडे वळू. 1970 मध्ये अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जने ही रेकॉर्ड झोडपली. क्रीम नावाच्या तेव्हाच्या नामांकित बँडची ही बिघडलेली नक्कल आहे, असा त्याचा सूर होता. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाउनेही तिला झिडकारले. तरी इंग्लंडच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत चढली, अमेरिकेत तेविसाव्या, आणि तिथे वर्षाहून जास्त काळ यादीत टिकली. रेडिओने फारशी वाजवली नाही. एकाने दुसऱ्याला ऐकवली, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्याच बँग्जने 1972 मध्ये 'क्रीम' याच नावाच्या मासिकात या बँडबद्दल समजून घेऊन लांबलचक लिहिले. 2006 मध्ये अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या मानाच्या दालनात बँडला जागा मिळाली. आणि 2017 मध्ये 'रोलिंग स्टोन'नेच मेटलच्या शंभर उत्तम रेकॉर्डींची यादी केली तेव्हा पहिला क्रमांक याच बँडच्या दुसऱ्या रेकॉर्डला, 'पॅरानॉइड'ला, दिला आणि झोडपलेल्या या पहिलीला पाचवा.

म्हणजे मत बदलायला त्यांना सत्तेचाळीस वर्षे लागली. कारण त्यांचा कान गिटारीच्या कसबाकडे होता. बोटे किती सफाईने फिरतात, हे ते मोजत होते. दोन बोटांची टोके नसलेल्या माणसाने कसब टाकून वजन का धरले, हे त्या मापात येणारच नव्हते. बर्मिंगहॅमच्या, डेट्रॉइटच्या पोरांना ते समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी वजन ओळखले.

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. भीमगीतांच्या कॅसेटी वस्तीवस्तीत झिजेपर्यंत वाजल्या, पण त्या काळी मोठ्या वर्तमानपत्रांच्या संगीताच्या पानावर त्यांचे परीक्षण आलेले मला आठवत नाही. ज्यांनी लिहिले त्यांनी आवाज चढा आहे एवढेच लिहिले. कोणासाठी, किती मोठ्या मैदानात, कसल्या कर्ण्यावरून तो आवाज पोहोचवायचा होता, ते विचारले नाही. असो.

मात्र कष्टकऱ्याला आवडले म्हणून सगळेच थोर, असेही मी म्हणणार नाही. चढा आवाज आणि जोराचा आवाज यांत फरक आहे. जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेपुढे लहान मूल खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या बापाला हे कोणीतरी सांगायला हवे. आणि त्या दुपारी आमच्या खोलीत एक गोष्ट घडली, ती या सगळ्या मतांपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते.

रेकॉर्ड सुरू केली तेव्हा पहिले अर्धे मिनिट फक्त पाऊस आणि लांबची घंटा आहे. काका माना डोलवत होते, बाबांनी डोळे मिटले होते. प्रेसवाला मुलगा म्हणाला, "सुरू कर ना." आई म्हणाली, "सुरू आहे की." तो म्हणाला, "कुठं?" मग त्याने हात लांब करून आवाज वाढवला, ताईंनी कानावर हात ठेवले, आणि तो म्हणाला, "हां, काहीतरी वाजतंय घंटेसारखं." पाऊस त्याला ऐकू आलाच नाही. हे गाणे त्याने पन्नास वेळा ऐकले असेल. त्यात पाऊस आहे, हे त्याला त्या दिवशी कळले.

मशीनच्या आवाजाने कान जातो तेव्हा तो सगळा एकदम जात नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. पावसाची सरसर, पानांची सळसळ, बोलण्यातले स आणि श. जड ठोका शेवटपर्यंत ऐकू येतो, त्यामुळे आपला कान गेला आहे हे माणसाला कळत नाही. लोक पुटपुटतात असे वाटते, टीव्हीचा आवाज वाढतो, बायको चिडते. गेलेला कान परत येत नाही. म्हणून या मुलाला जड संगीतच आवडते, असे मी म्हणणार नाही. ते त्याच्या मनाचे आहे. पण कानाची गोष्ट वेगळी.

आपल्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे. तिच्यावर आवाज असेल तर मालकाने तो कमी करायचा आणि कानाला संरक्षण द्यायचे. कामावरच्या आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य रोगांच्या यादीत धरला आहे, म्हणजे बोट तुटल्यावर जसा दावा करता येतो तसा याचाही करता येतो. तुटलेले बोट सगळ्यांना दिसते. कानाचे तसे नाही, त्याला कागद लागतो. त्या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, बारीक-मोठे सूर ऐकवतात आणि आलेख काढून देतात. दुखत नाही. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी आपले कार्ड घेऊन दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागावी. नोकरीला लागतानाच एकदा तपासून कागद घरी ठेवला तर पुढे कोणी "हा आधीपासूनच बहिरा होता" म्हणू शकत नाही.

कानात घालायच्या यंत्राचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास, 80 डेसिबलपर्यंत, अशी सीमा सांगितली आहे. दिवसभर प्रेसजवळ उभे राहून वर लोकलमध्ये दोन तास पूर्ण आवाजात ऐकणाऱ्याची ती सीमा कधीच ओलांडलेली असते.

मुलगा आधी तयार नव्हता. "कंपनीत कळलं तर?" म्हणाला. आईने सांगितले, "आपण त्यांच्या दवाखान्यात जातच नाही. आधी बाहेर बघू, मग ठरवू." शनिवारी त्याची सुटी आहे, त्या दिवशी दोघे जाणार आहेत. तोवर तो रेकॉर्ड ऐकतोच आहे, पण आवाज निम्म्यावर आणि कानातली बटणे काढून, त्या छोट्या स्पीकरवर. ताईंनी 'द विझर्ड' आपल्या मोबाइलवर घेतले आहे.

वाचकहो, तुम्हीही घरी ही रेकॉर्ड पोराबरोबर बसून ऐका आणि मत कळवा. आवडली नाही तर तसे लिहा, कोणाच्या भिडेला पडू नका. कोणते गाणे, का आवडले, कुठे कंटाळा आला, सगळे लिहा. आणि घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे लिहायचे, की सुरुवातीचा पाऊस ऐकू आला की नाही.